पेंटरच्या भिंतीवर माझी जागा

साऱ्या बहरीनमध्ये आमच्या पेंटरइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि सांगणारा मी काही मोठा शूर लागून गेलो नाही. वीस वर्षं या बेटावर काढूनही रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की माझा हात आपोआप खिशातल्या रेसिडेंट कार्डाकडे जातो. मॅनेजरने "जरा आत या" म्हटलं की त्याच्या टेबलापर्यंतच्या बारा पावलांत माझी बायको, मुलगी आणि फ्रीज असे सगळे मुंबईच्या विमानतळावर उतरलेले मला दिसतात. पण माझी भीती चोरटी. ती मी इस्त्रीच्या शर्टाखाली ठेवतो आणि वरून लोकांना धीर देत फिरतो. पेंटरची भीती मात्र भाजीवाल्याच्या गाडीसारखी उघड्यावर मांडलेली असायची. कुणीही यावं आणि हाताळून बघावी.

तो डहाणूच्या आतल्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा वारली. दहा वर्षांपूर्वी मनामातल्या आमच्या साइनबोर्डच्या वर्कशॉपमध्ये बोर्डांना स्प्रे मारायला आला. मी तिथे मापं घेणारा आणि कोटेशन करणारा, मूळचा महाडकडचा. सगळ्या वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून पहिल्याच दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दादा, मी आलो ते त्या दाराला कुणी सांगितलं?" दार आपोआप उघडणारं होतं. मी त्याला सेन्सर समजावून सांगितला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि त्या दिवसापासून रोज आत शिरताना त्या दाराला सलाम करायला लागला. "आपल्यासाठी उघडतो ना तो," असं त्याचं म्हणणं. पुढे पुढे वर्कशॉपमधले मलबारी आणि बंगालीसुद्धा गंमत म्हणून दाराला सलाम करायला लागले, आणि एकदा तर मॅनेजरचाही हात अर्धा वर गेलेला मी पाहिला.

दाराशी निदान त्याचे संबंध गोडीचे होते. लिफ्टशी उघड वैर. आमच्या सनाबिसच्या घरी तो पाच मजले चढून यायचा आणि धापा टाकत सांगायचा की ज्या खोलीत माणूस एका गावी शिरतो आणि दुसऱ्या गावी निघतो तिचा भरवसा धरू नये. हजेरीच्या मशीनवर बोट ठेवायची वेळ आली की तो रांगेत सगळ्यांच्या मागे जायचा, कारण थिनरने बोटांच्या रेघा पुसत चालल्या होत्या आणि मशीन त्याला चार-चारदा नाकारायचं. "उद्या ह्यानं सांगितलं की हा तो माणूसच नाय, तर मी कोण म्हणून घरी जायचं?" असं त्याने मला विचारलं होतं. बाब अल बहरीनच्या बाजारात कापडदुकानांच्या दारांत बिनमुंडक्याचे पुतळे उभे असतात, त्यांच्यासमोरून जाताना तो माझी बाही धरायचा. आणि सगळ्यांत मोठी भीती मोबाइलच्या मेसेजची. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आलेला प्रत्येक मेसेज तो घाम पुसत माझ्याकडे वाचायला आणायचा. "बघा ना दादा, व्हिसाचं काय हाय का?" मी वाचायचो: पिझ्झ्यावर पिझ्झा फुकट. त्याचा जीव भांड्यात पडायचा. आठ वर्षांत मी त्याला पिझ्झ्याच्या, गालिच्यांच्या आणि दात पांढरे करण्याच्या इतक्या जाहिराती वाचून दाखवल्या की त्या दुकानांनी खरं तर मला पगार द्यायला हवा होता.

असा माणूस चित्रं काढतो हे मला कळलं ते वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर लिफ्ट दिसली तेव्हा. गेरूसारख्या तपकिरी रंगावर पांढऱ्या बारीक रेघांनी काढलेली चौकोनी लिफ्ट, आत दोन-दोन त्रिकोणांची माणसं कोंबलेली, आणि लिफ्टच्या चारी बाजूंनी तारपा वाजवणाऱ्याभोवती हात धरून नाचणारा अख्खा पाडा. मी विचारलं, हे काय? तेव्हा त्याने आपलं शास्त्र सांगितलं. त्यांच्या रानात पूर्वी वाघ यायचा. मग पाड्याच्या शिवेवर लाकडाच्या फळीवर वाघ कोरायचा, त्याला शेंदूर लावायचा, वर्षातून एकदा नैवेद्य दाखवायचा. "ज्याचं भ्याव लागतं त्याला जागा द्यायची, दादा. एकदा त्याची जागा त्याला गावली, की तो घरात नाय शिरत." म्हणून लिफ्टला जागा दिली होती. त्यानंतर मशीनला दिली, मग बिनमुंडक्याच्या पुतळ्यांना. त्या पुतळ्यांना तर त्याने घोड्यावर बसवलं आणि मानेतून कणसं फोडली, कारण त्यांच्याकडे लग्नाच्या चौकात, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढायच्या चित्रात, असा एक देव असतोच. "हे पण त्याच्याच भावकीतले," म्हणाला.

त्याची हत्यारंही जगावेगळी. गावाकडे बांबूची काडी चावून तिचा कुंचला करतात. इथे बांबू कुठला? पण टिक्क्याच्या दुकानात मांस ओवायच्या काड्या बांबूच्याच असतात हे त्याने पहिल्या आठवड्यात शोधून काढलं. दुकानात जाऊन तो फक्त काड्या मागायचा आणि तिथेच उभ्या-उभ्या टोक चावायला लागायचा. दुकानदाराला वाटलं हा भुकेला आहे, त्याने बळेच दोन टिक्के दिले. पुढे हे नेहमीचं झालं. पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये तो कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, आणलेलं तांदळाचं पीठ चिमूटभर टाकायचा. त्याने रंगाला काय होतं, विचारलं तर म्हणायचा, "रंगाला काय नाय होत. आयेला कळलं की पीठ नाय टाकलं, तर मला होईल." आई पाड्यावर धवलेरी होती, म्हणजे लग्न लावताना गाणी म्हणणारी बाई. लग्नाचा चौक काढायचा मान तिकडे सवाशिणींचा, बाप्याने त्याला हात लावायचा नाही. हा लहानपणी खांबाआड बसून बघत शिकला होता, आणि त्या चोरीची भीती त्याला अजून होती.

मग आमच्या बिल्डिंगच्या खाली एक चहाचं कॅफे निघालं. इथे दुधाच्या कडक चहाला करक म्हणतात आणि त्यावर सगळा देश चालतो. कॅफेचा मालक हसरा बहरीनी, त्याने वर्कशॉपमध्ये येऊन मागची भिंत पाहिली आणि म्हणाला, मला अशीच हवी, अख्खी भिंत. पेंटर तीन रात्री झोपला नाही, इतकी मोठी भिंत म्हणजे इतकं सगळं भ्यायचं कुठून आणायचं या काळजीने. ती अडचण माझ्या मुलीने सोडवली. ती तेव्हा अकरा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत देणार. शाळेतून आली की ती भिंतीसमोर बसून त्याला टॅबवर एकेक दाखवायची: झगा बांधून उडणारे हिरो, डोळ्यांतून किरण सोडणारे रोबो, मेलेल्यातून उठून चालणारी माणसं. पेंटर दोन्ही कानांवर हात ठेवून बघायचा. "ही कान्ट डाय, अंकल," ती एका हिरोबद्दल म्हणाली. पेंटर कळवळला. "मरत नाय? मंग बिचाऱ्याला काम तरी काय?" आणि त्याने प्रत्येकाला पाड्यावर काम दिलं. उडणारा हिरो झोपडीचं छप्पर शाकारायला बसवला, वर चढायला शिडी नको म्हणून. रोबो शेळ्यांमागे गेला. मेलेल्यातून उठलेली माणसं ओळीने भाताच्या लावणीला, म्हणजे आवणीला, धाडली. "वाकूनच चालतात ना, आवणीला बरे." मुलगी हसून-हसून लोळली. बहरीनी मालक "ज़ेन, ज़ेन", म्हणजे छान, छान, करत फोटो काढत होता, आणि सनाबिसच्या मॉलांतून परतणारी माणसं त्या भिंतीसाठी वाट वाकडी करून चहाला यायला लागली.

एकदाच त्याचं चित्र काढणं अडलं. आम्ही इथले महाराष्ट्रातले बौद्ध दरवर्षी बुद्धपौर्णिमेला एक हॉल घेऊन वंदना करतो. त्या वर्षी स्टेजमागचा पडदा मी त्याला सांगितला. त्याने सुंदर बोधिवृक्ष काढला, एकेक पान जिवंत. झाडाखाली माणसं, बाया, कडेवर पोरं, हातात मोबाइल, मधूनच एक उडता हिरो हात जोडून. पण झाडाच्या बुंध्याशी जागा कोरी. आमच्या मंडळाचे ज्येष्ठ भडकले, भगवान कुठे आहेत म्हणून. पेंटर माझ्यामागे लपला आणि तिथून म्हणाला, "त्यांचं माना भ्याव नाय लागत. मंग कसं काढू?" ज्येष्ठांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि जुन्या लेण्यांतही अशीच रिकामी बैठक असते असं स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. त्या रिकाम्या जागेसमोर त्या दिवशी वंदना झाली.

तेव्हा घरी परतताना मी त्याला म्हटलं, "अरे, इतक्या वर्षांत तू मॅनेजरला काढलंस, दाराला काढलंस, माझ्या मुलीच्या गणिताच्या बाईंना काढलंस. मला का नाही काढलंस कधी?" तो मनापासून हसला. "तुमचं कसलं भ्याव, दादा?" मला बरंही वाटलं आणि थोडा रागही आला. चाळिशी उलटलेल्या माणसाची कुणालाच भीती वाटू नये, म्हणजे अगदीच झालं. यावर मी त्याला पुढे कितीदा तरी चिडवलं.

आणि मग वर्कशॉप विकलं गेलं. नवा मालक आला, त्यामुळे सगळ्यांचे व्हिसाचे पेपर नव्याने, आणि पेपरांबरोबर मेडिकल नव्याने. रक्त द्यायचं, छातीचा एक्स-रे काढायचा, संपलं. आम्ही तुकड्या-तुकड्यांनी जाऊन आलो. चार दिवसांनी दुपारी माझ्या मोबाइलवर मेसेज आला की छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसतो आहे, पुन्हा तपासणीला यावं, जुना एक्स-रे असल्यास आणावा.

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगत नाही. मेडिकल अडलं की नवा मालक व्हिसा करणार नाही आणि माणूस घरी जाणार, हे व्हिसाचे कागद बघणाऱ्या आमच्या पीआरओने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. अठरा वर्षं, मुलीची शाळा, बायकोने बाल्कनीत वाढवलेला कढीपत्ता, सगळं एका पांढऱ्या डागावर येऊन थांबलं. मी घरी बोललो नाही. बायकोला कळू दिलं नाही असं मला वाटत होतं, पण दुसऱ्याच दिवशी ती ताट उचलता उचलता म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? भाजीत मीठ नव्हतं, तरी बोलला नाहीत." मी म्हटलं, ब्लडप्रेशरसाठी कमी करतोय. आणि आत मोरीत जाऊन नळ सोडून खोकून पाहिलं, खोकला येतो का. तो आला, कारण मी मुद्दाम खोकलो होतो. पण तेवढ्याने मला दरदरून घाम फुटला.

पेंटरपासून मात्र लपवता आलं नाही. भीतीच्या बाबतीत त्याचं नाक कुत्र्याचं होतं. माझ्या टेबलाशी येऊन तो नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, तुमाना भ्याव लागलंय." आठ वर्षं याला धीर देणारा मी, आता त्याच्याचसमोर धीर सोडून बसलो. मी त्याला सगळं सांगितलं, मेसेज दाखवला. त्याने मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला, चित्राकडे बघतो तसा, वरपासून खालपर्यंत. मी म्हटलं, तुला इंग्रजी कळत नाही, काय बघतोस? "किती ओळी हायत ते बघतो," म्हणाला, आणि मोबाइल मला हळूच परत दिला.

पाच वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता तेव्हाचा एक्स-रे मी कपाटातून शोधून काढला. मोठ्या खाकी पाकिटात घालून वर्कशॉपला नेला, घरी बायकोला दिसू नये म्हणून. पेंटरने तो खिडकीशी उजेडावर धरला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. काळ्यावर पांढऱ्या रेघा! एवढं बारीक काम! "कुणी काढलं हो हे?"

"मशीनने."

"मशीनला कसलं भ्याव लागलं असंल?" तो स्वतःशीच म्हणाला. मग एका बरगडीजवळ धूसर पांढरा ठिपका होता तिथे बोट नेऊन, न टेकवता, म्हणाला, "इथं काडी जरा जास्त टेकलीय. थेंब उतरलाय नुसता. असं होतं."

त्या संध्याकाळी त्याने माझ्या बरगड्या कॅफेच्या भिंतीवर काढल्या. बघणाऱ्याला ते झाडच वाटलं असतं, मधे खोड आणि दोन्हीकडे वाकलेल्या फांद्या. ठिपक्याच्या जागी त्याने एक पाखरू बसवलं. "आता त्याला जागा गावली. घरात नाय शिरायचा." मी सुशिक्षित माणूस, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाताना आणि येताना मी ते पाखरू जागेवर आहे ना ते बघून घ्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी बघतो तर शेजारी आणखी एक झाड. त्याच्यावर दोन पाखरं. मी विचारलं, "हे कुणाचं?" तो काडी चावत होता. "एकटं झाड बरं नाय दिसत," म्हणाला. मला ते पटलं. माझं लक्ष माझ्या पाखराकडे होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून बिल्डिंगच्या खाली हजर. हॉस्पिटलच्या नुसत्या वासाने जो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा असा हा माणूस. मी म्हटलं, अरे, तू कुठे? "मी येतो. भ्यायचं तर दोघांनी भ्यायचं, एकट्यानं नाय." मी त्याच्याकडे न बघता टॅक्सी थांबवली. टॅक्सीत मी त्याला माझ्या पॉलिसीचे कागद कुठे आहेत ते सांगत होतो आणि तो हूं हूं करत होता. क्लिनिकमध्ये जिन्याचं काम चालू होतं, जिना बंद. मी म्हटलं, तू खालीच थांब. त्याने डोळे घट्ट मिटले, माझी बाही धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाय ठेवला. तीन मजले तो आईचं कुठलं तरी गाणं पुटपुटत होता.

वर बाकावर आम्ही शेजारी-शेजारी बसलो. मी पाकीट पोटाशी धरलेलं, आणि माझा उजवा पाय सारखा हलत होता, तो मी थांबवायचा आणि तो परत सुरू व्हायचा. पेंटरच्या हातातही टोकनचा एक कागद होता. टोकनच्या मशीनजवळून आलो आणि काही घेतलं नाही तर मशीनला वाईट वाटेल, असं काहीतरी त्याच्या मनात असणार, असं मी समजलो. दारांना सलाम करणाऱ्या माणसाचं काय सांगावं? मध्येच तो "पाणी पिऊन येतो" म्हणून उठला आणि बऱ्याच वेळाने शर्टाची बटणं लावत आला. मी त्याला म्हटलं, किती वेळ लावलास, माझा नंबर येईल आता. तो "चुकलं, दादा" म्हणाला आणि परत शेजारी बसला.

पाच दिवसांनी मला मेसेज आला: फिट. जुन्या न्यूमोनियाचा व्रण, बाकी काही नाही. मी तो वाचून टेबलावर डोकं ठेवलं आणि रडलो. मग मनामातल्या मिठाईच्या दुकानातून पेढे आणले, सगळ्या वर्कशॉपला वाटले, कशाचे ते न सांगता. पेंटरने दोन घेतले. एक खाल्ला आणि एक कागदात बांधून खिशात ठेवला. "पाखरू गेलं उडून," म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका खुलला होता की जणू माझं भाग्य त्यालाच लाभलं असावं.

त्यानंतर चार दिवसांनी तो कामावर आला नाही. मी पीआरओला विचारलं. तो संगणकातून डोकं वर न काढता म्हणाला, "पेंटर? उसका मेडिकल नहीं हुआ ना. छाती में प्रॉब्लेम. दो बार बुलाया था. आज दोपहर का फ्लाइट है."

दोनदा बोलावलं होतं. मग एकेक गोष्ट माझ्या अंगावर चालून आली: तो टोकनचा कागद, शर्टाची बटणं, दुसरं झाड, दोन पाखरं. मेसेजच्या ओळी का मोजल्या ते मला तेव्हा कळलं. त्याच्या मोबाइलवरही तसाच मेसेज आला होता, तेवढ्याच ओळींचा, आणि माझा चेहरा बघून त्याने स्वतःचा मेसेज वाचून घेतला होता. त्या पंधरा दिवसांत त्याने पिझ्झ्याचासुद्धा मेसेज माझ्याकडे वाचायला आणला नव्हता. आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि मला त्याची उणीवसुद्धा जाणवली नव्हती.

मी टॅक्सीने त्याच्या खोलीवर पोचलो तेव्हा तो बॅगेला दोरी बांधत होता. मला बघून चोरी पकडल्यासारखा हसला. "खलास, दादा. आता घरी." मी काहीतरी बोलायला गेलो, की मी नव्या मालकाला भेटतो, दुसरीकडे तपासणी करू. त्याने मान हलवली. औषधं गावाकडच्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. चित्र काढायच्या काड्यांची एक जुडी त्याने माझ्या मुलीसाठी दिली, अर्ध्या चावलेल्या. विमानाची भीती वाटते का, मी विचारलं. "त्याला दिलीय ना जागा, कॅफेत," म्हणाला. गाडी आली. आठ वर्षं जो माझी बाही धरून बाजार ओलांडायचा तो एकटाच बॅग डोक्यावर घेऊन जिना उतरला.

मी तसाच कॅफेत गेलो, विमान बघायला. ते होतं, नाचणाऱ्यांच्या वेटोळ्याच्या अगदी शेपटाशी, आणि त्याच्या पोटात कोंबड्या. त्याच्या खाली एक बाक. बाकावर पाकीट पोटाशी धरून एक माणूस बसलेला. या चित्रांतल्या माणसांना तोंड नसतं, नुसते दोन त्रिकोण आणि एक टिंब. पण उजव्या पायाजवळ त्याने तीन बारीक रेघा ओढल्या होत्या, पाय हलत होता म्हणून. तो मी होतो. शेजारी बाकावर एका माणसापुरती जागा मोकळी होती.

मी ज्याच्यासाठी इतका हट्ट धरला होता ते झालं होतं, आणि मला ते नको होतं. हा माणूस ज्याला भितो त्यालाच काढतो. मग त्याला माझी कसली भीती वाटली? मी त्याच्यावर आवाज चढवला होता का? कुठे तोडून बोललो होतो का? माझी मुलगी दप्तर घेऊन शेजारी येऊन उभी राहिली आणि चित्राकडे बघून म्हणाली, "बाबा, दॅट्स यू!" आणि मग, "बट व्हाय वॉज ही स्केअर्ड ऑफ यू?" तिलाही ते शास्त्र पाठ होतं.

हे विचारायला मला वर्ष लागलं. मध्यंतरी त्याची औषधं पूर्ण झाली, तब्येत सुधारली, हे फोनवर कळत होतं, पण हा प्रश्न जिभेवर आला की मी पावसापाण्याचं बोलायचो. मग उन्हाळ्यात एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. हळद लावलेला, डोक्याला बाशिंग, मागे मांडव. त्याचं लग्न होतं. बायकोबरोबर तो चौदा वर्षं नांदत होता, दोन मुलं होती, पण त्यांच्याकडे लग्नाचा सोहळा सवडीने करतात, आणि आईबापांचा झाल्याशिवाय मुलांचा होत नाही. त्याची मुलगी मोठी होत चालली होती. "माना लय भ्याव लागलंय, दादा," तो पहिलंच वाक्य बोलला. एका बाजूला तारपा वाजत होता, दुसऱ्या बाजूला डीजे, आणि या दोघांच्या मधे त्याची म्हातारी आई आपलं गाणं दोघांपेक्षा मोठ्याने म्हणत होती. त्याने मला भिंतीवरचा चौक दाखवला. तो बायांनीच काढला होता, पण बाहेरच्या कडेला त्याला थोडी जागा मिळाली होती. तिथे आपोआप उघडणारं दार होतं, त्याला सलाम करणारी रांग होती.

मग मी विचारून टाकलं. "तू मला भिंतीवर काढलंस. तुला माझी भीती वाटत होती?"

तो मोबाइल घेऊन उठला. मांडवाच्या मागे गेला, जिथे आवाज कमी होता. "वाटत होती ना."

"कसली रे?"

"तिथं बाकावर तुमी इचाराल म्हणून. का रे, तू कशाला आलास, हातात काय हाय तुझ्या? तुमी इचारलं असतं तर माना खोटं नसतं बोलता आलं. मंग तुमी तुमचं सोडून माझं भ्याव घेऊन बसला असता." बाशिंग सावरत तो हसला. "पण तुमी नाय इचारलं. लय उपकार झाले, दादा."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी तो सोसला असता. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, नवरदेव कुठे गेला म्हणून, आणि फोन बंद झाला.

कॅफेचा मालक दर वर्षी विचारतो, भिंत नवीन करू का, आता छापील स्टिकर स्वस्तात मिळतात. मी म्हणतो, राहू द्या. ऑफिसला जाण्याआधी मी तिथे करक पितो, माझ्याच समोर बसून. तीन रेघांचा पाय अजून हलतो आहे. शेजारची जागा मोकळी आहे, आणि चहा संपेपर्यंत मी तिला रोज एकच विचारतो: अरे, तू कशाला आलास?